तालुक्याच्या गावात ज्येष्ठांसाठी घरं: भाडं परवडणारं, वीजबिल कमी आणि धंदा टिकणारा



"सर, गावात आमची जागा पडून आहे. त्यावर वृद्धाश्रम काढला तर चालेल का?" हा प्रश्न आता इतक्या वेळा येतो की त्यावर एकदा व्यवस्थित लिहायलाच हवं. व्हिडिओत आकडे पटपट पुढे जातात. इथे वही-पेन घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आज आपण धर्मादाय वृद्धाश्रमाबद्दल बोलत नाही आहोत. निराधार ज्येष्ठांची सोय करणं हे मोठं काम आहे, पण ते देणगीवर किंवा सरकारी मदतीवर चालतं. आपला विषय आहे भाडं देऊ शकणारे, पण पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रकल्पात लाखो रुपये भरू न शकणारे ज्येष्ठ. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, छोटे दुकानदार. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. घर आहे, पण जिना चढवत नाही. शहरात मुलाकडे करमत नाही आणि गावात एकटं राहवत नाही.

गिऱ्हाईक आहे का?

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरचे लोक सुमारे १०.४ कोटी होते आणि त्यातले सुमारे ७.३ कोटी ग्रामीण भागात होते. महाराष्ट्रात तेव्हा लोकसंख्येत ज्येष्ठांचं प्रमाण ९.९ टक्के होतं, म्हणजे दहा माणसांमागे जवळपास एक. त्याला आता बरीच वर्षं झाली आणि प्रमाण वाढतंच आहे. पण ज्येष्ठांसाठी खास बांधलेली घरं कुठे आहेत? बहुतेक पुणे, मुंबई आणि त्यांच्या आसपास. तालुक्याच्या गावात बाजार, दवाखाना, देऊळ, बँक, एसटी स्टँड सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. ज्येष्ठांना हवं ते सगळं आहे, फक्त राहायला योग्य घर नाही.

आता ते देऊ किती शकतात? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं उदाहरण घ्या. व्याज ८.२ टक्के धरू (दर तिमाहीला सरकार त्याचा आढावा घेतं, म्हणून चालू दर बघून घ्या). १५ लाख ठेवले तर महिन्याला १०,२५० रुपये पडतात. ३० लाख, म्हणजे योजनेची कमाल मर्यादा, ठेवली तर २०,५०० रुपये. म्हणजे एकट्या माणसाला सगळं मिळून १२-१३ हजार आणि जोडप्याला १९-२० हजार, ही आपली वरची मर्यादा. त्यापुढे गेलात की तालुक्यातलं गिऱ्हाईक संपलं. खर्च काढून मग भाडं ठरवायचं ही पद्धत इथे चालत नाही. भाडं आधी ठरलेलं आहे, खर्च त्यात बसवायचा आहे.

पहिला हिशोब: नवीन इमारत

सगळ्यांच्या डोक्यात पहिलं चित्र येतं ते नव्या इमारतीचं. चला, करून बघू. खालचे आकडे समजा धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा.

- आठ घरं, प्रत्येकी ४५० चौरस फूट बांधकाम: ३,६०० चौरस फूट
- स्वयंपाकघर, जेवणाची आणि बसायची जागा: ७०० चौरस फूट
- एकूण ४,३०० चौरस फूट, दर १,८०० रुपये: ७७.४ लाख
- सोलर, कुंपण, सेप्टिक टँक, फर्निचर: १० लाख
- एकूण: ८७.४ लाख, जागा स्वतःची धरून

यातले ६० लाख कर्ज, १० टक्के व्याज, १५ वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे ६४,५०० रुपये. आणि आठ घरांचं भाडं प्रत्येकी ८,००० धरलं तर ६४,००० रुपये. म्हणजे एकही घर एक दिवससुद्धा रिकामं राहिलं नाही, एकही नळ गळला नाही, तरी हप्ता पूर्ण होत नाही!

हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. परवडणाऱ्या भाड्यातून नव्या बांधकामाचं कर्ज फिटत नाही. वडिलोपार्जित जमीन गहाण टाकून हा धंदा सुरू करू नका. हातात पैसा असेल आणि कर्ज अगदी थोडं लागणार असेल, तरच नवीन बांधा.

दुसरा हिशोब: पडून असलेलं घर

आता गावात फेरी मारा. किती बैठी घरं कुलूप लावून पडली आहेत? मालक पुण्यात, वर्षातून एकदा जत्रेला येतो. घर वापरात राहिलं, गळती थांबली, थोडं भाडं मिळालं तर त्याला हवंच असतं. वाईसारख्या जुन्या गावात तर अख्खे वाडे आहेत. अशी एक बैठी वास्तू दहा वर्षांच्या नोंदणीकृत कराराने घ्यायची. कमी मुदतीचा करार केलात तर तुम्ही दुरुस्ती कराल आणि मालक घर परत मागेल.

समजा २,००० चौरस फुटांचं घर, पाच खोल्या. दुरुस्ती ४०० रुपये फुटाने ८ लाख. स्वयंपाकघर आणि फर्निचर २ लाख. एकूण १० लाख, त्यातले ३ लाख तुमचे. ७ लाख कर्ज, ११ टक्के, ७ वर्षं. हप्ता सुमारे १२,००० रुपये.

पाच खोल्यांत सात माणसं: दोन जोडपी आणि तिघं एकटे. खोलीचं भाडं ६,५०० आणि जेवण, चहा, साफसफाई, मदत यांचे माणशी ६,५००.

महिन्याची जमा:
- पाच खोल्या: ३२,५००
- सात माणसांची सेवा: ४५,५००
- एकूण: ७८,०००

महिन्याचा खर्च:
- मालकाला भाडं: १०,०००
- हप्ता: १२,०००
- किराणा, भाजी, गॅस (माणशी २,७००): १९,०००
- स्वयंपाकाच्या ताई, दोन वेळा येऊन: ९,०००
- दिवसाची मदतनीस: १२,०००
- रात्री मुक्कामाला एक माणूस: १०,०००
- वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती: ५,०००
- एकूण: ७७,०००

शिल्लक एक हजार. हसू नका, बहुतेक छोट्या धंद्यांचा पहिला हिशोब असाच निघतो. आता प्रश्न असा की हेच स्वयंपाकघर आणि हीच माणसं वापरून आणखी काय विकता येईल?

उत्तर आहे डबा. गावात तुमच्या खोल्यांत न येणारे, स्वतःच्या घरी राहणारे ज्येष्ठ दहापट आहेत. त्यांना कमी तिखट, कमी तेलाचं, दोन वेळचं जेवण हवंय. १५ डबे, महिना ३,००० रुपये: ४५,००० जमा. किराणा-गॅस २८,५००, जादा हात आणि डबे पोचवणं ६,५००. उरले १०,०००. आता एकूण शिल्लक ११,०००.

डब्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. डबा देणारा माणूस रोज दारात जातो. आजी-आजोबांची तब्येत, त्यांचा स्वभाव, मुलांची काळजी सगळं कळतं. उद्या एकटं राहणं कठीण झालं तर ते कुठे येतील? ज्याच्या हातचं रोज खातात त्याच्याकडेच. म्हणून माझा सल्ला: आधी डबा सुरू करा, सहा महिन्यांनी खोल्या. १५ डबे जमले नाहीत तर पाच खोल्याही भरणार नाहीत, आणि हे तुम्हाला दहा लाख घालायच्या आधी कळेल.

एक खोली रिकामी राहिली तर? एकट्या माणसाचे १३,००० गेले, त्यातला किराणा २,७०० वाचला. म्हणजे १०,३०० चा फटका आणि शिल्लक उरते ७००. तेव्हा पहिल्या वर्षी घर फक्त यावर चालेल असं धरू नका. नोकरी, शेती, दुकान जे असेल ते चालू ठेवा. सात वर्षांनी हप्ता संपला की १२,००० रुपये मोकळे होतात. हा धंदा धीराचा आहे.

वीजबिल: इथे खरी बचत आहे

भाडं वाढवता येत नाही, पगार कमी करता येत नाहीत आणि करूही नयेत. मग हातात काय उरतं? वीज.

*पंखे.* ज्येष्ठ दिवसभर घरात असतात, पंखा चौदा-चौदा तास फिरतो. साधा पंखा साधारण ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३०-३५. आठ पंखे, प्रत्येकी ४० वॅटची बचत, १४ तास: रोज साडेचार युनिट, महिन्याला सुमारे १३५. युनिटला ९ रुपये धरले तर १,२०० रुपये. पंख्यामागे १,५०० जास्त गेले तरी १२,००० ची भरपाई, हिवाळ्याचे महिने सोडून, वर्ष-सव्वा वर्षात होते.

*आंघोळीचं पाणी.* माणशी ४० लिटर पाणी १८ अंशांनी तापवायचं तर ७२० किलोकॅलरी लागतात. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. म्हणजे माणशी रोज ०.८४ युनिट, सात जणांचे जवळपास ६, महिन्याला १७५ युनिट. गिझरवर हे दीड हजार रुपये झाले. छतावर सोलर वॉटर हीटर बसवला तर पावसाळा सोडून हा खर्च जवळजवळ संपतो. एकच सूचना: टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप लांब असेल तर त्यावर इन्सुलेशन घाला, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या थंड पाणी वाया जातं आणि आजोबा कुडकुडत उभे राहतात.

*छप्पर.* बैठ्या घरात उन्हाळ्यातली सगळ्यात जास्त उष्णता वरून येते. स्लॅब असेल तर वॉटरप्रूफिंग करून वर पांढरा चायना मोझॅक किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. पत्रा असेल तर खाली छत करा आणि मधली हवा बाहेर जायला वाट ठेवा. जुन्या वाड्याच्या जाड मातीच्या भिंती आणि मधला चौक पाडू नका. ते फुकटचं वातानुकूलन आहे.

*खिडक्या.* घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली इको निवास संहिता आणली. ती मोठ्या भूखंडांसाठी आहे, पण आकडा आपल्या कामाचा आहे: उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के हवा? उष्ण-कोरड्या हवेत किमान १०, दमट हवेत १६.६६. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला बार्शीकडे १२ चौरस फूट आणि चिपळूणकडे २०. आणि लक्षात घ्या, सरकती खिडकी अर्धीच उघडते. शक्यतो समोरासमोर खिडक्या ठेवा आणि पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा, वेल किंवा झाडाची सावली करा.

*सोलर पॅनेल.* पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि रोज सरासरी ४ युनिट मिळतात. पण हे अनुदान घरगुती जोडणीसाठी आहे. तुमचं मीटर कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या वर्गात पडेल, हे महावितरणच्या ऑफिसात आधी विचारा. भाड्याच्या घरात अनुदान गृहीत धरून हिशोब मांडू नका.

नवीन बांधणार असाल तर लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत बघा. विटा उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवतात. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी शिरतं. मात्र गवंडी शिकलेला हवा. आधी कुंपणाच्या भिंतीवर करून बघू दे, मग खोलीला हात लावू दे.

स्वस्त करा, पण या ठिकाणी नाही

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. तुम्ही घरं विकत नसलात तरी त्यातल्या गोष्टी पाळा.

- दरवाजा किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट. व्हीलचेअर जायला हवी.
- उंबरठे काढा. आस्था असेल तर रांगोळीचा पट्टा ठेवा, अडथळा नको.
- रॅम्पचा उतार १ ला १२. दीड फुटाच्या जोत्याला १८ फूट रॅम्प लागतो. तीन फुटांच्या जोत्याला ३६ फूट. घर बघायला जाताना टेप घेऊन जा!
- बाथरूमचं दार बाहेर उघडणारं हवं. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदत पोचत नाही.
- खरखरीत फरशी, कमोड, आणि भिंतीत पक्के बसवलेले आधाराचे दांडे.
- पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा. त्यासाठी इन्व्हर्टर.

आणि जागा निवडताना पूर विसरू नका. ज्येष्ठांना तळमजला सोयीचा, पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तळमजलेच पाण्याखाली गेले. नदीकाठच्या गावात पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय करार करू नका.

कागदपत्रं

१. राहणाऱ्याशी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घर देणाऱ्याची आहे.
२. घरं विकायची असतील तर रेरा. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे, पण सूट म्हणजे जबाबदारीतून सुटका नाही.
३. स्वयंपाकघरासाठी अन्न सुरक्षा नोंदणी. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरते, चालू मर्यादा बघून घ्या. आपल्या हिशोबात जेवण-सेवा आणि डबे मिळून १०.८६ लाख होतात.
४. एकूण उलाढाल १४.७६ लाख, म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या जीएसटी मर्यादेत. तरी सीएला एकदा दाखवा.
५. नगरपालिका आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधी भेटून, काय लागेल ते लेखी घ्या.

आजी-आजोबांच्या पैशाला हात लावू नका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कोणीतरी तुम्हाला सुचवेल, "प्रत्येकाकडून पाच-पाच लाख डिपॉझिट घे, त्यातूनच बांधकाम कर." करू नका. ती त्यांची आयुष्यभराची पुंजी आहे. एक जण गेला, दुसऱ्याला मुलगा घेऊन गेला, तर दहा लाख कुठून परत देणार? तिसऱ्याच्या डिपॉझिटमधून? तिथून धंदा संपतो आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट घ्या, वेगळ्या खात्यात ठेवा, आणि माणूस गेल्यावर कोणाला किती दिवसांत परत द्यायचं ते करारातच लिहा.

तसंच, "तूच माझा मुलगा, घर तुझ्या नावावर करते" असं कोणी आजी म्हणाल्या, तर हात जोडून नाही म्हणा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण कायद्याच्याही आधी नियत आहे.

आजारपणाबद्दलही पहिल्या दिवशी बोला. आपण दवाखाना नाही. स्वतः चालणारा, स्वतःची औषधं घेणारा माणूस आपण ठेवतो. अंथरुणाला खिळला तर किती दिवस सांभाळू, नर्सचा खर्च कोण देईल, रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, हे मुला-मुलींसमोर ठरवून सही घ्या. सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

या आठवड्याचं काम

१. गावातली बंद असलेली पाच बैठी घरं शोधा. जोत्याची उंची, दाराची रुंदी, बाथरूमपर्यंतचं अंतर मोजा.
२. दहा ज्येष्ठांशी बोला. "तुम्ही याल का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "सध्या जेवणावर आणि मदतीच्या बाईवर महिन्याला किती जातात?" असं विचारा.
३. पाच डब्यांची ऑर्डर आगाऊ पैसे घेऊन मिळवा.
४. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा आणि एक खोली रिकामी धरूनच करा.

चौथ्या कामानंतर शिल्लक शून्याच्या वर असेल तर पुढे जा. खाली असेल तर डब्यावर थांबा. तोही चांगला धंदा आहे, आणि तुमच्या गावातल्या पंधरा घरांत रोज कोणीतरी दार वाजवून "आजी, बरं आहे ना?" विचारेल.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत टेप आणि वही घेऊन बाहेर पडा!